पेटीवालीने घेतलेली स्टील गिटार

हँक विल्यम्स या गायकाच्या काळातलं जुनं अमेरिकन कंट्री संगीत ज्यांना मनापासून आवडतं आणि ते नुसतं ऐकून ज्यांचं भागत नाही, त्यांनी हे वाद्य घ्यावं. अभिप्राय आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिखाण लांबणार आहे. मी घेतली ती सहा तारांची इलेक्ट्रिक लॅप स्टील गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. कोलकात्यात लालबाजारच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, तिथल्या एका कारागिराने ती बनवली. किंमत साडेचौदा हजार, कुरिअरचे पैसे वेगळे. वाद्य फोंड्याला हातात पडलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे गोव्याचा एक अख्खा पावसाळा त्याने काढलेला आहे, आणि त्याबद्दलही सांगण्यासारखं आहे.

मी पेटी वाजवते. म्हार्दोळ, मंगेशी, कवळे या भागातली भजनं, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, चवथीच्या दिवसांतल्या आरत्या, यांना साथ करत आले. पेटीवाल्याला एक गोष्ट कायम सलते. गायिका गंधारावरून पंचमापर्यंत सूर न तोडता जाते, आणि आपल्या बोटांखाली ग वेगळा, म वेगळा, प वेगळा. मधली वाट पेटीत नाहीच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हाच्या आक्षेपांत मींड नसणं, म्हणजे ही मधली वाट नसणं, हा मोठा आक्षेप होता आणि स्वर कायमचे बांधलेले असणं हा दुसरा. बंदी अन्यायाची होती असंच मी मानते, पण आक्षेप खोटा नव्हता. ज्यांनी वर्षानुवर्षं साथ केली आहे त्यांना तो हातात कळतो.

मग सारंगी का नाही, व्हायोलिन का नाही, असं मला विचारतात. उत्तर आमच्या वाड्यावरच आहे. मागच्या घरातले अंकल पूर्वी लग्नांत आणि डान्सला सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांच्याकडे रविवारी सकाळी जिम रीव्हज लागायचे आणि आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे. माझ्या वयाच्या गोंयकाराला जिम रीव्हज माहीत नसतील असं होत नाही. ३१ जुलै १९६४ला ते विमान अपघातात गेले, पण इथे अजून कुणाच्या लग्नाचा वाढदिवस असला की त्यांचं एखादं गाणं कुणीतरी म्हणतंच. मला तो आवाज आवडायचा आणि कंट्री म्हणजे हेच अशी माझी समजूत होती. अंकल म्हणाले, "बाय, हे गोड आहे. पण ह्याच्या आधीचं ऐक." आणि त्यांनी हँक विल्यम्सची कॅसेट दिली.

फरक कुठे आहे ते मला नंतर कळलं. जिम रीव्हज यांचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'हील हॅव टू गो' १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. त्यात पियानो आहे, व्हायब्राफोन आहे, मागे गाणारे आहेत. स्टील गिटार नाही. त्या सुमाराला नॅशव्हिलचे, म्हणजे कंट्रीच्या मुख्य शहरातले, निर्माते कंट्रीला शहरातला श्रोता मिळावा म्हणून स्टील आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, बाजूला ठेवू लागले होते, आणि त्यांत चेट ॲटकिन्स पुढे होते. म्हणजे गोव्यात ज्या गाण्यांमुळे कंट्री घराघरांत गेलं, त्या गाण्यांतच कंट्रीचं सगळ्यात ओळखीचं वाद्य नव्हतं. ती गाणी वाईट नाहीत, अंकल म्हणाले तशी गोडच आहेत. पण स्टील ऐकायची असेल तर दहा वर्षं मागे जावं लागतं.

'युवर चीटिन हार्ट' काढा. सप्टेंबर १९५२चं ध्वनिमुद्रण. त्यानंतर सव्वातीन महिन्यांत, १ जानेवारी १९५३ला, हँक विल्यम्स गेले, तेव्हा त्यांचं वय २९ होतं. गाण्याच्या सुरुवातीलाच डॉन हेल्म्स यांची स्टील येते, वरच्या तारांवर, अगदी उंच. आवाज सुरू झाला की ती मागे सरते. ओळ संपते, गायक श्वास घेतो, आणि तेवढ्या फटीत स्टील वरून एक लहानशी जागा घेते, सूर खाली ओढत आणते आणि पुढचा शब्द येण्याआधी निघून जाते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बसले. आमच्याकडे साथीत भरणा म्हणतात तो हाच. माझे गुरुजी सांगायचे, शब्दावर हात चढवायचा नाही, शब्द खाली ठेवला गेला की मग तुझं काम. हे हेल्म्स यांना कुणी शिकवलं मला माहीत नाही, पण अलाबामाचा हा माणूस ते नियमाने पाळतो. आणखी एक गोष्ट तो करतो. हँकचा आवाज मध्य सप्तकात असला की स्टील त्याच्या वर राहते. दोघांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे गर्दी होत नाही. हँकचा आवाज मधेच फाटून वर उडतो, आणि स्टीलही तसाच सूर वर सोडते. दोघांची जात एक आहे.

'आय एम सो लोनसम आय कुड क्राय' १९४९चं. त्यात स्टीलवर जेरी बर्ड आहेत. तीन मात्रांची संथ चाल आहे, आपल्याला दादऱ्याच्या अंगाने मोजता येते. हेल्म्स धारदार, तर बर्ड मऊ. बर्ड यांचा सूर सुरू कधी झाला ते कळतच नाही, तो झालेला असतो. ज्यांना या वाद्याची ओढ नेमकी कशाची ते समजून घ्यायचं असेल त्यांनी ही दोन गाणी एकामागून एक ऐकावीत. माझ्या मते पारंपरिक कंट्रीचं काळीज या दोन वादकांच्या मधे कुठेतरी आहे.

आता वाद्याकडे येते.

अंग सागवानाचं, एकाच फळीचं, वजन साधारण तीन किलो. पोकळ नाही, त्यामुळे वायर न लावता वाजवलं तर जेमतेम ऐकू येतं. रात्री घर झोपल्यावर रियाज करायला हे बरंच आहे. पॉलिश साधं आणि नीट. तारांची मोकळी लांबी साडेबावीस इंच. पडदे नाहीत, पट्टीवर फक्त पांढऱ्या रेघा मारलेल्या आहेत, कारण तारा पट्टीला टेकवायच्याच नसतात. त्या बोटभर उंचावर असतात आणि डाव्या हातातला स्टीलचा दांडा वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. म्हणून वाद्य आलं की आधी मोजपट्टी घ्या. बारावी रेघ वरच्या टोकापासून बरोबर सव्वाअकरा इंचावर हवी, सातवी साडेसात इंचाच्या केसभर आत. माझ्या वाद्यात दोन्ही बरोबर निघाल्या. रेघाच चुकीच्या असतील तर बाकी कितीही सुंदर असून उपयोग नाही, कारण शिकणाऱ्याचा डोळा त्याच रेघांवर असतो. नंतर कान बसला की डोळ्यांची गरज कमी होते.

कारागीर स्वरजुळणी विचारून तारा लावून देतो. मी सी-सिक्स्थ सांगितली. हिचं श्रेय सर्वसाधारणपणे जेरी बर्ड यांनाच दिलं जातं. पेटीवाल्यांना समजेल असं सांगायचं तर पांढरी एकला सा धरून खालून वर सा ग प ध सां गं. या सहा स्वरांत पुष्कळ काही आहे. खालच्या तीन तारा छेडल्या तर सरळ सा-ग-प, प्रसन्न. वरच्या तीन छेडल्या तर ध-सां-गं, लगेच उदास. दांडा त्याच रेघेवर, फक्त उजव्या हाताची बोटं दुसरीकडे गेली आणि रंग बदलला. कंट्रीच्या गाण्यांत साधारण तीन कॉर्ड असतात. खुल्या तारांवर पहिला, पाचव्या रेघेवर दुसरा, सातव्या रेघेवर तिसरा. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे लवकर हाताला लागलं. कठीण आहे ते थांबवणं. तारा वाजतच राहतात, एकीचा सूर दुसरीवर सांडतो, त्यामुळे उजव्या तळव्याच्या कडेने नको त्या तारा बंद करत राहाव्या लागतात. या कामात निम्मा रियाज जातो.

उजव्या हाताला अंगठ्यात प्लास्टिकची नखी आणि दोन बोटांत धातूच्या. सतार शिकलेल्यांना मिझराबमुळे हे परकं वाटणार नाही, पण या नख्या बोटाच्या आतल्या बाजूला येतात. कारागीर त्या देत नाही, मी मडगावला घेतल्या. दांडा वाद्याबरोबर आला, तो मात्र हलका होता आणि त्याच्या कडेला हात लागला की खरखर यायची. तो बाजूला ठेवा आणि गोल नाकाचा जड दांडा वेगळा घ्या. जड दांड्याने सूर लांब टिकतो, हातही कमी थरथरतो. किमतीत हे धरलेलं बरं.

पण जिच्यासाठी सगळा खटाटोप केला ती मींड. पहिल्या संध्याकाळी खुल्या तारेवरून पाचव्या रेघेपर्यंत दांडा सावकाश नेला आणि मधले सगळे सूर, ज्यांना पेटीत घर नाही असे, एकेक करून समोर आले. ते वाक्य लिहिताना आत्ताही माझा हात तसा सरकतो आहे. मग गंधार. पेटीचा गंधार थोडा चढा असतो, साथीला बसलं की तंबोऱ्यातल्या आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी तो घासतो. इथे दांडा रेघेच्या किंचित मागे ठेवला की गंधार निवतो. नॅशव्हिलचे पेडल स्टीलवाले, म्हणजे पायाने पेडल दाबून तारांचे सूर बदलणारे, तारा जुळवतानाच गंधार थोडा उतरवून घेतात. तिकडच्या कानाला आणि आपल्या कानाला एकच गोष्ट बोचत होती हे वाचून मला फार बरं वाटलं.

आवाजाच्या पायपट्टीबद्दल, म्हणजे व्हॉल्यूम पेडलबद्दल, सांगायलाच हवं. ती नसेल तर वाद्य घेऊन अर्धंच काम होतं. पट्टी उचललेली असताना तार छेडायची आणि मग पायाने आवाज हळूहळू खुला करायचा. छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही, सूर श्वासासारखा येतो. तार विझत चालली की पाय आणखी खाली, आणि सूर टिकून राहतो. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर जे करतो तेच इथे पाय करतो. माझ्या हातून हे सहज होऊ लागलं, आणि गिटार शिकलेल्या माझ्या भाच्याला मात्र ते जड गेलं. ज्यांनी भाता सांभाळला आहे त्यांना या वाद्यात एक पाऊल पुढून सुरुवात करायला मिळते.

हे वाद्य टेक्सास, टेनेसीत पोचलं कसं ते थोडक्यात सांगते, कारण त्यावरून त्याचा स्वभाव कळतो. १९व्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांतल्या ओआहूवर जोसेफ केकुकू या तरुणाने गिटारच्या तारांवरून धातूचा तुकडा फिरवण्याची पद्धत रुजवली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाईयन संगीताने अमेरिका वेडी झाली. १९२०च्या दशकाच्या शेवटी कंट्री गायक जिमी रॉजर्स यांच्या काही ध्वनिमुद्रणांत स्टील ऐकू येते. पण नाचाच्या हॉलमध्ये एवढा नाजूक आवाज कुठे टिकणार? म्हणून गिटारला वीज जोडायची निकड सर्वांत आधी स्टीलवाल्यांना भासली. १९३२च्या सुमाराला बाजारात आलेली रिकेनबॅकरची ॲल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' मांडीवर ठेवायचीच होती. जानेवारी १९३५मध्ये मिल्टन ब्राउन यांच्या ताफ्यातले बॉब डन इलेक्ट्रिक स्टील घेऊन ध्वनिमुद्रणाला बसले. पुढच्याच वर्षी बॉब विल्स यांच्याबरोबर लिऑन मॅकॉलिफ यांची 'स्टील गिटार रॅग' निघाली. ती ऐकली तर हे वाद्य फक्त रडतं असं कुणी म्हणणार नाही. ते नाचतंही.

याच लाटेचा एक फाटा आपल्याकडे आला. हवाईहून आलेले ताउ मो यांचं कुटुंब १९४०च्या दशकात कोलकात्यात होतं, बंगालमध्ये हवाईयन गिटार घरोघरी शिकली जाऊ लागली. रेडिओवर व्हॅन शिप्ले यांच्या गिटारवरची सिनेमाची गाणी आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली आहेत. ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली'तली गिटार तर मराठी घरांत चांगलीच ठाऊक आहे. म्हणून लालबाजारच्या कारागिराला फोनवर मला काय हवं ते पहिल्या दोन वाक्यांत समजलं. मुंबईच्या एका मोठ्या दुकानाने मला स्लाइडची काचेची नळी दाखवून हेच ते म्हणून सांगितलं होतं.

रागदारीसाठी मात्र हे वाद्य घेऊ नका. सी-सिक्स्थमधला धैवत प्रत्येक वेळी मधे येतो, आणि सहा तारांखाली तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा, नाहीत. काबरा, विश्वमोहन भट्ट यांनी आपापली वाद्यं त्यासाठी वेगळी घडवली आहेत. मी एकदा नाट्यपद वाजवून पाहिलं, मींड सुरेख आली, पण तानेला हात पुरत नाही. ते तिथेच सोडलं.

ज्यांना पेडल स्टील हवी आहे त्यांच्यासाठी. पेडलची स्टील १९५४च्या आधीही होती, पण पेडल वापरायचे ते दोन गाण्यांच्या किंवा दोन जागांच्या मधे स्वरजुळणी बदलायला. गायक वेब पिअर्स यांच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबला. सूर वळताना ऐकू आला, आणि १९५४मध्ये ते गाणं गाजल्यावर प्रत्येक स्टीलवाल्याला तेच करावंसं वाटलं. यंत्रणा अशी आहे. दहा तारांची ई-नाइन्थ जुळणी घ्या, तिच्यात सा-ग-प आहेत. पहिला पेडल दाबला की प चा ध होतो. दुसरा दाबला की ग चा शुद्ध म होतो. सा जागचा हलत नाही. म्हणजे सा-ग-प धरून ठेवलं असताना कानांदेखत सा-म-ध होतं, एक सूर उभा आणि बाकीचे दोन त्याच्या अंगावरून सरकत वर गेलेले. दांड्याने हे जमत नाही, कारण दांडा सरकला की सगळ्याच तारा सरकतात. बडी एमन्स आणि राल्फ मूनी यांनी या युक्तीचं पुढे काय केलं ते मर्ल हॅगर्ड, वेलन जेनिंग्ज, रे प्राइस यांच्या गाण्यांतून शोधून ऐकावं. मूनी यांच्या हातची एक ओळ ऐकली की त्यांचा हात लगेच ओळखू येतो, इतका तो चमकदार आहे.

माझ्या सहा तारांवर यातलं थोडं येतं. दांडा तिरका धरायचा, एका तारेवर एका रेघेला आणि दुसरीवर पुढच्या रेघेला. दोन सुरांपुरतं निभतं, तिसरा आला की सोडून द्यावं लागतं. पण मला हे उणं वाटत नाही. जेरी बर्ड यांनी पेडल आले तरी ते घेतले नाहीत, पुढे हवाईला जाऊन राहिले आणि तिथल्या मुलांना बिनपेडलची स्टीलच शिकवली. हेल्म्स यांची हँकबरोबरची सगळी कामगिरी बिनपेडलची. ज्या गाण्यांसाठी मी हे वाद्य घेतलं, त्यांना एवढंच लागतं. बाहेरून पेडल स्टील मागवायची तर लाखाच्या वर खर्च, शिवाय गोव्यात ती दुरुस्त करणारं कुणी मला भेटलेलं नाही.

गोव्यातल्या हवेचं सांगते. जूनमध्ये आठवडाभर वाद्य उघडं राहिलं आणि तारांवर गंज दिसला. दांडा अशा तारेवरून फिरवला की खरखर सरळ स्पीकरमध्ये. त्यानंतर वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याने पुसते, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकते, आणि पेटी ठेवते त्याच कपाटात बल्बच्या उबेला ठेवते. पेटीच्या सुरांनाही हाच त्रास असतो, त्यामुळे सवय होतीच. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, कोलव्याला किंवा कांदोळीला, आणखी काळजी घ्यावी. सागवानाने मात्र काही कुरकुर केली नाही, फळी तसूभर वाकली नाही.

दोष दोन आहेत. वायर लावायचं सॉकेट दोन महिन्यांत सैल झालं. कारागिराने फोनवर चित्रफीत पाठवून घट्ट कसं करायचं ते दाखवलं, पाना माझ्याकडे होता, काम झालं. दुसरा दोष भुणभुण. तारांचा आवाज विजेत पकडणारा पिकअप एका गुंडाळीचा आहे, जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर तो सारखा गुणगुणतो. आमच्या घरात तेच होतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि आवाज जवळजवळ गेला. तारा ताणायच्या खुंट्या सुरुवातीला सरकत होत्या, आता बसल्या आहेत. ॲम्प्लिफायर लहानच घ्या, दहा वॉटचा पुरतो, पण त्यात रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी सोय, असायला हवा. कोरडी स्टील ऐकवत नाही.

चवथीला भाचा पेडण्याहून आला होता. संध्याकाळची आरती झाली, फुगड्या आटोपल्या, मग तो गिटार घेऊन बसला आणि हँकची गाणी म्हणू लागला. "मावशी, तू शेवटी वाजव हं, मधे नको," असं त्याने मला सांगितलं, आणि मी मान डोलावली. कडवं संपेपर्यंत मी हात तारांवर नुसता ठेवून होते. ओळीच्या शेवटी त्याने श्वास घेतला तेव्हा वरच्या तारेवरून एक सूर खाली आणला. अंकल दारातून ऐकत होते, त्यांनी फक्त मला बोट वर करून दाखवलं, म्हणजे आणखी वर वाजव. बारा रेघांच्या पलीकडे गेले तेव्हा ते बरोबर बसलं. तीन जणांत मिळून तिसऱ्या गाण्याला जे जमलं, ते जमण्यासाठी मला एकटीला कितीही रियाज करून उपयोग नव्हता. या वाद्याला समोर गाणारा माणूस लागतो. घेणार असाल तर आधी घरात किंवा वाड्यावर कुणी गातं का ते बघा, निदान गाणी लावून त्यांच्यात भरणा करायची सवय ठेवा. एकट्याने धून वाजवत बसणाऱ्याला हे वाद्य लवकर कंटाळवाणं होईल असं मला वाटतं.

शेवटची गोष्ट तारांची. साध्या गिटारचा संच लावायला जाऊ नका. त्यातली जाड तार सी-सिक्स्थच्या खालच्या सा पर्यंत चढवायची म्हणजे आठ अर्धस्वर वर ओढावी लागते, ती वाटेतच तुटते आणि हातावर येते. सी-सिक्स्थ लॅप स्टीलचा वेगळा संच मिळतो, त्यात सर्वांत पातळ तार पंधरा हजारांश इंचाची असते. तो गोव्यात दुकानात सापडला नाही, कोलकात्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. दोन संच एकदमच मागवा, पावसाळ्यात एक लागतोच.